सातबारा हिचा, मेंढरं माझी

कागदोपत्री मी मेंढपाळ नाही, शेतकरीसुद्धा नाही. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला हिच्या माहेरची जमीन आहे. सासऱ्यांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा तिच्यातला एक तुकडा हिच्या नावे झाला. त्या सातबाऱ्यावर मी आहे तो फक्त हिच्या नावाच्या मधोमध, नाव आणि आडनाव यांच्यात अंग चोरून उभा. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८चा कूळकायदा आडवा येतो. फोर्टातल्या विमा कचेरीत नोकरी आणि अंबरनाथच्या दोन खोल्यांत संसार केलेल्या माणसाला जमिनीला हात लावायचा तर लग्न हा एकच मार्ग उरतो. तो मी योग्य वयात, पुढचा काहीही विचार न करता, पत्करून ठेवला होता.

जमीन म्हणजे तरी काय? खालच्या अंगाला दोन भातखाचरं, ती मेव्हणा करतो. वरती माळ, माळावर गवत. पावसाळा संपता संपता ते कमरेला लागतं. एके काळी या बाजूचं गवत भारे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आता कापायला माणूस मिळत नाही, मिळालाच तर गवताच्या किमतीपेक्षा त्याची मजुरी जास्त. न कापावं तर फाल्गुनात कुणाच्या तरी बिडीनं वणवा लागतो. तेव्हा स्वतःच्या पायानं चालत जाऊन गवत खाणारं आणि मजुरी न मागणारं काहीतरी हवं, असा हिशेब मी मांडला. विमा कचेरीतला माणूस हिशेब मांडल्याशिवाय पाऊल उचलत नाही. उत्तर काहीही येवो, मांडणी नीटनेटकी असते.

शेळ्या का नाही, असं सगळ्यांनीच विचारलं. शेळी हा इथला मान्यताप्राप्त प्राणी. ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाडीवर, कुणब्यांच्या अंगणात ती असतेच. पण शेळी मान वर करून खाते, आणि मेव्हण्यानं बांधावर लावलेली आंब्याची कलमं बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीची होती. मेंढी मान खाली घालून पुढ्यात येईल ते खाते. "म्हणजे तुमच्या स्वभावाला धरून आहे," ही म्हणाली, आणि तिथे निर्णय झाला.

अंबरनाथच्या आमच्या कट्ट्यावर बातमी पोचली तेव्हा प्रत्येकानं एकच विनोद केला: आयुष्यभर मेंढरासारखा लोकलमध्ये कोंबला गेलास, आता खरी मेंढरं राख. मजा अशी की हा विनोद प्रत्येकानं स्वतंत्रपणे शोधला होता आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटत होतं. अंबरनाथ ते सीएसटी रोज करणाऱ्यांपैकी एकानंही कधी मेंढरं जवळून पाहिली नव्हती, हे उघड आहे. मेंढरं दारात लटकत नाहीत. आत मोकळी जागा असताना वाट अडवून उभी राहत नाहीत. पुढचीनं पाऊल टाकलं की मागची टाकते आणि मिनिटभरात सगळी आत. चौथ्या सीटसाठी ढोपरानं ढोसणं हा प्रकार त्यांच्यात नाही. उपमा द्यायचीच तर उलट्या दिशेनं द्यावी, पण त्यात मेंढरांचा अपमान होतो.

मेंढ्या घेतल्या त्या माघात, एका धनगराकडून. दिवाळीनंतर पारनेरच्या बाजूचे धनगर माळशेज घाट उतरून मुरबाड, शहापूर, कल्याणकडे येतात. घोड्यांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी नुकतं जन्मलेलं कोकरू आणि कधीकधी नुकतं चालायला लागलेलं मूल. माळशेजच्या शेजारीच नाणेघाट आहे, सातवाहनांचा. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला चढायचा तो त्या वाटेनं. दोन हजार वर्षं ये-जा चालू आहे. सातवाहन तेवढे मध्ये थांबले. या धनगरबाबांनी आपल्या खांडातल्या, चालताना मागं पडणाऱ्या पाच मेंढ्या मला दिल्या. दोन गाभण होत्या.

"ह्या तुमच्यासारख्याच हायेत, साहेब," ते म्हणाले. "रिटायर."

नात सुट्टीला आली होती. तिनं बदलापूरच्या पुढची स्टेशनं ओळीनं लावली: वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी आणि कर्जत. पाच मेंढ्या, पाच स्टेशनं, गाडी बरोबर भरली. मात्र चालताना क्रम कधी जुळला नाही. शेलू सतत पुढे. वांगणी दुपारनंतर बसकण मारते आणि कर्जत, जी शेवटी असायला हवी, ती मधेच कुठेतरी घुसलेली असते.

मेंढी बावळट असते हा समज कुणी पसरवला कळत नाही, बहुधा शेळीनं पसरवला असावा. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००१मध्ये दाखवून दिलं की मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे लक्षात ठेवते आणि दोन वर्षांनीही ते ओळखते. २०१७मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या मंडळींनी त्याच्या पुढची मजल मारली. त्यांनी मेंढ्यांना फोटोतले बराक ओबामा ओळखायला शिकवलं. मी हे हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. "मग तुम्हाला ओळखतात का?" तिनं विचारलं. प्रामाणिक उत्तर असं की शेलू मला ओळखते आणि बाकीच्या शेलूला ओळखतात. एवढ्यावर काम भागतं. अनेक कचेऱ्याही अशाच चालतात.

आणखी एक गोष्ट माळावर समजली. मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं; फक्त ठीक पाठीमागचं तेवढं दिसत नाही. म्हणून तिच्या अगदी मागून जाऊन हुश्श-हुश्श करणारा माणूस तिला दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि अचानक ऐकू येणाऱ्या माणसापासून ती वाटेल त्या दिशेला पळते. तिच्या खांद्याच्या रेषेत, जरा अंतर राखून उभं राहिलं की ती आपण होऊन पुढे सरकते. माझ्या नोकरीतल्या सगळ्या साहेबांना मी मनातल्या मनात माळावर उभं करून पाहिलं. बहुतेक सगळे ठीक पाठीमागे उभे राहणारे निघाले.

या धंद्यात नवखेपणी शिरलेलं एक फार मोठं नाव माझ्याआधी होऊन गेलं आहे, ते सांगायला हवं. बदलापूरजवळ मुळगावला टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. आमच्या माळाकडे जाताना ती टेकडी दिसते. आता खंडोबा म्हणजे जेजुरीचा राजा. घरी म्हाळसा, वाण्याची लेक, म्हणजे दोन वेळच्या जेवणाची ददात नाही. पण लोककथा सांगते की म्हाळसेशी सारीपाट खेळताना गडी हरला, पणाप्रमाणे घराबाहेर पडला, आणि थेट चंदनपुरीला बानूच्या वाड्यावर म्हाताऱ्या गड्याचं सोंग घेऊन मेंढरं राखायला राहिला. निवृत्तीनंतर शेतीकडे वळलेल्यांची यादी कुणी केलीच तर पहिला क्रमांक देवाला द्यावा लागेल. पुढे एक दिवस त्यानं मेंढरं नदीवर धुवायला नेली आणि सगळीच्या सगळी मारून टाकली. बानूनं आकांत मांडला. मग लग्नाचं वचन पदरात पाडून घेऊन त्यानं भंडारा उधळला आणि खांड उठून उभी राहिली.

मला या कथेतलं प्रेमप्रकरण फारसं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे की नवशिक्याच्या हातून अख्खी खांड मरू शकते, हे आपल्या परंपरेनं आधीच धरून ठेवलं आहे. केवढा धीर येतो! भंडाऱ्याचा भाग मात्र आमच्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणावा लागतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस, जंताचं औषध. आंत्रविषार हा रोग विमा कचेरीतल्या माणसाच्या काळजाला हात घालणारा आहे. पहिल्या पावसानंतर कोवळं, लुसलुशीत गवत येतं, मेंढी ते पोटभर खाते, आणि सर्वांत धष्टपुष्ट मेंढी सकाळी आडवी सापडते. किरकोळ मेंढ्या वाचतात. शिवाय प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आला, त्यावर बारा आकडे. आपल्या आधारला असतात तितकेच. हिच्या माहेरच्या सातबाऱ्यावर माझा नंबर लागला नाही, पण मेंढ्यांची नोंद झाली.

भात निघाल्यावर आमच्याकडे जमिनीतल्या ओलीवर वाल टाकतात. बदलापूर-मुरबाड पट्ट्यातले कडवे वाल, बिरड्याचे. पौष-माघात त्याच्या शेंगा भरतात, आणि त्याच वेळी माळावरचं गवत करडं, चरचरीत झालेलं असतं. मेंढीपुढे हा पर्याय ठेवल्यावर ती काय निवडेल हे सांगायला केंब्रिजची गरज नाही. शेलूच्या नेतृत्वाखाली पाचही जणी बांधापलीकडच्या वालात उभ्या होत्या. शेजारी आला. कमरेवर हात. मी आवाज खाली ठेवून, नुकसानभरपाईचा प्रस्ताव मनात तयार करत पुढे झालो.

"बाळूमामाच्या असत्या तर हात जोडले असते," तो म्हणाला. "तुमच्या आहेत म्हणून राग येतो."

शेजारी मालिका बघणारा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आदमापूरच्या बाळूमामांची मेंढरं, मामा १९६६मध्ये गेल्यावरही, बग्गे करून गावोगाव फिरत असतात. ती आपल्या शेतात शिरली, पीक खाल्लं, रात्रभर बसली तर शेतकरी भाग्य मानतो. यात श्रद्धा आहेच. पण श्रद्धेच्या खाली एक भक्कम व्यवहारही आहे, तो मला नंतर धनगरबाबांनी दाखवला. तूर्त शेजाऱ्याशी चार पोती लेंडीखतावर तडजोड झाली. पुढच्या वर्षी तो स्वतःच म्हणाला, "वाल काढून झाले की सोडा दोन दिवस." मालकी न बदलता माझ्या मेंढरांचं देवत्व थोडंसं वाढलं.

तर तो व्यवहार. शहरातल्या माणसाला वाटतं, धनगर आपली शे-दोनशे मेंढरं दुसऱ्याच्या शेतात चारतो तेव्हा तो शेतकऱ्याला काहीतरी देत असणार. पार्किंगचे पैसे द्यायची सवय झालेलं डोकं याहून वेगळा विचार करू शकत नाही. प्रत्यक्षात पैसे उलटे वाहतात. शेतकरी धनगराला बोलावतो, मेंढरं रात्रभर शेतात बसवायला सांगतो, आणि त्याबद्दल धान्य देतो नाहीतर रोकड. संध्याकाळी वाघर लागते, म्हणजे जाळीचं कुंपण. आत मेंढरं, बाहेर कुत्री, पलीकडे पाल, पालापुढे तीन दगडांची चूल. रात्रभर लेंड्या आणि मूत थेट जमिनीत. दुसऱ्या दिवशी वाघर पुढच्या तुकड्यात. खत वाहून न्यायला नको, पसरायला नको. खत आपल्या पायांनी येतं, पसरतं आणि निघून जातं. जमीन निम्मी भुसभुशीत खुरांनीच होते.

बाबा एकदा आमच्या खाचरात बसले होते. शेकोटीपाशी मी त्यांना विचारलं, तुमचा गाव कोणता म्हणायचा? त्यांनी पारनेरकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, "तिथं चार म्हयने. घर हाय, कुलूप हाय." तेवढ्यात त्यांच्या सूनबाईनं फोन चार्जिंगला लावायला आमच्या शेडची चावी मागितली. माहेरी चार महिने जाणाऱ्या बायका पाहिल्या होत्या; घरी चार महिने जाणारा पुरुष पहिल्यांदा पाहिला.

बाबांच्या डोक्यात या भागाचा एक नकाशा आहे. तो गूगलच्या नकाशाशी जुळत नाही, आणि दर वर्षी अधिकच जुळेनासा होतो. कुठे पाणी, कुठे भाताची मोकळी खाचरं, कुणाचा बांध रुंद, कुणाचा कुत्रा वाईट. त्यांच्या वडिलांनी अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी, इ.स. १०६०च्या त्या शिवमंदिराच्या आसपास खांड पाण्यावर घातली होती म्हणे. आज त्या पाण्याला मेंढरू तोंड लावणार नाही. ज्या शेतात त्यांची वाघर पडायची तिथे आता टॉवर आहेत, आणि टॉवरला नाव 'ग्रीन' काहीतरी. एका जागेबद्दल ते म्हणाले, "तिथं आता पव्हायचं टाकं हाय. भवती हिरवळ लावलीया. मेंढरं बघूनच खुळी होत्यात, पण वॉचमन हाय." खत विकत आणून लावलेली ती हिरवळ आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

वैशाखात, वळीव पडायच्या आधी, बाबा घाट चढून जातात. त्या वर्षी गेले. माझ्या पाच जणी राहिल्या, आणि झालेली तीन कोकरं.

मग पाऊस.

घाटापलीकडे पारनेरच्या बाजूला वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर लोक समाधानी असतात. इकडे २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला होता, आणि त्या दिवशी उल्हास नदीनं बदलापूरचं काय केलं ते इथल्या प्रत्येक घराच्या भिंतीला माहीत आहे. २०१९च्या जुलैत तर बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावं लागलं. आमचा पाऊस हा असा, रेल्वेगाडी अडवणारा. आणि मेंढी हा दख्खनच्या पठारावरचा, अंगावर कायमची घोंगडी घेऊन जन्मलेला, कोरड्या वाऱ्याचा प्राणी. ती घोंगडी भिजली की तीन दिवस वाळत नाही. पायाखाली चिखल असला की खुरांच्या बेचक्यात जखम होते, पाय कुजतो, मेंढी गुडघ्यांवर चरायला लागते. खाचरातल्या साचल्या पाण्यात गोगलगाय, गोगलगायीतून गवतावर कृमी, गवतावरून मेंढीच्या यकृतात. पुस्तकात याची आकृती छान असते, बाणांसकट.

मेव्हण्यानं बांबूचं मचाण बांधून दिलं. फटीतून लेंड्या खाली पडाव्यात, खुरं कोरडी राहावीत. आषाढातले माझे दिवस मेंढ्यांची नखं कापण्यात गेले. मेंढीला मागच्या अंगावर बसवून तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली की ती विलक्षण शांत होते. सलूनच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकासारखी, छताकडे बघत, पुढचे पाय सैल सोडून. मग खुराचा वाढलेला भाग तासायचा आणि मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवायचे. पाच मेंढ्यांचे वीस पाय, प्रत्येक पायाला दोन खुर. आयुष्यात ज्या माणसानं स्वतःची नखंसुद्धा बायकोनं आठवण केल्याशिवाय कापली नाहीत, तो आता पावसाच्या आवाजात चाळीस खुर मोजत होता. ही पागोळ्यांखालून ओरडायची, "स्वतःचे पाय पुसा आधी!"

त्या दिवसांत फलटणच्या निंबकरांचं काम वाचण्यात आलं. हे खरं शहर सोडून मातीत गेलेलं घराणं. बी. व्ही. निंबकर मुंबईच्या कुटुंबातले. त्यांची आई, जन्मानं अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर, यांनी १९५०मध्ये केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. मुलगा फलटणला शेतीत उतरला आणि १९६८मध्ये त्यानं तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. बी. व्हीं.ची मुलगी चंदा निंबकर हिनं मेंढ्या घेतल्या. आपली दख्खनी मेंढी सहसा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ ही बुटकी मेंढी जुळी-तिळी देते, कारण तिच्यात तसं एक जनुक आहे. तेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांतही सापडलं, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीला बंगालची मेंढरं जहाजातून तिकडे गेली होती. फलटणला या गरोळचा लोणंदच्या मेंढीशी संकर करून जुळ्यांची 'नारी सुवर्णा' तयार झाली. चंदा निंबकर या इरावती कर्व्यांची नात. आजीनं महाराष्ट्रभर फिरून माणसांच्या डोक्यांची मापं घेतली, नातीनं मेंढ्यांची जनुकं तपासली. दोघींच्या विषयांत फारसं अंतर नाही असं म्हणायचा मोह मी आवरतो.

माझं लक्ष मात्र जुळ्यांपेक्षा भलत्याच गोष्टीवर गेलं. गरोळ मेंढी सुंदरबनात दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि तिचे पाय सहसा कुजत नाहीत. म्हणजे बदलापूरला हवी तशी मेंढी देशात आहे, पण ती दुसऱ्या टोकाला आहे. मी हिला म्हणालो, आपण गरोळ आणली तर? ही म्हणाली, "आधी हिचा पाय धरा, निसटतोय."

पावसाळा सगळ्यांनी पार केला, एक कोकरू सोडून. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आठवड्याभराचं ढगाळ, गार वारं, आणि सकाळी छातीत घरघर.

दिवाळीनंतर बाबा आले. मेंढ्यांकडे बघितलं, मचाणाकडे बघितलं, शेलूचा पाय उचलून खूर बघितला आणि म्हणाले, "खूर चांगला राखलाय." मी खूश. मग म्हणाले, "पर साहेब, ह्ये कोकण. हितं मेंढरू पाव्हणं म्हणून येतं. पाव्हण्याला पावसाळ्यात ठिवून घेत नसत्यात, वाटंला लावत्यात."

मला वाटतं, मेंढरं पाळण्याबद्दलचं जे काही ज्ञान आहे त्याचं निम्मं तरी निघायचं कधी यात आहे. बाबांच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या मिळवलेली विद्या ही औषधांची नव्हे, तारखांची आहे. माझं सगळं शिक्षण याच्या उलट झालेलं. एकाच खुर्चीवर तेहतीस वर्षं बसणं हा ज्याचा पराक्रम, त्याच्याकडून हे एकदम कसं उमजावं? जमीन नावावर असली की माणूस तिथेच सगळं करू पाहतो, बारा महिने. पाऊस असला तरी आणि मेंढी असली तरी.

फाल्गुनात बाबांच्या माणसांनी लोकर कातरली. काळी, राठ, थोडी तेलकट. घोंगडीला हीच चांगली, पण घोंगडी विणणारी घरं आता मोजकीच, आणि तीही घाटावर. मी एक पिशवी भरून उल्हासनगरला गेलो. माझा उल्हासनगरवर गाढ विश्वास आहे. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत निर्वासित म्हणून उतरलेल्या सिंध्यांनी, १९४९मध्ये नाव मिळालेल्या या गावात, असा बाजार उभा केला की जीन्सपासून फर्निचरपर्यंत तिथे मिळत नाही किंवा विकली जात नाही अशी वस्तू शोधावी लागते. मी ती वस्तू पिशवीत घेऊन हिंडत होतो. एका चादरी-ब्लँकेटच्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेटनं चिमूटभर लोकर बोटांत चोळली, नाकाशी नेली. "साईं," ते अतिशय प्रेमानं म्हणाले, "ये तो असली है." मग ती परत पिशवीत ठेवून त्यांनी मला पानिपतचं ब्लँकेट दाखवलं, मऊ, गुलाबी, वाघाचं चित्र असलेलं. उल्हासनगरहून परत येताना माझ्याकडे लोकरीची पिशवी होती आणि ते ब्लँकेटही होतं.

पुढच्या वैशाखात मेंढ्या बाबांबरोबर वर पाठवायचं ठरलं, अर्धलीनं. म्हणजे राखायचं त्यांनी, आणि होणाऱ्या कोकरांत, लोकरीत निम्मा वाटा. बोलणी अंगणात झाली. जमीन हिची असल्यामुळे मधल्या खाटेवर ही बसली. मी विम्यातला माणूस. मी मुद्द्याला हात घातला: एखादी दगावली, लांडग्यानं नेली, तर पुरावा काय? आमच्या कचेरीत जनावरांच्या विम्याला नियमच होता, बिल्ला नाही तर दावा नाही.

"पयले कान दावायचो," बाबा म्हणाले. "आता कानाबरुबर तुमचा नंबर बी येतो. वाचून घ्या."

इतका स्वच्छ करार मी नोकरीत कधी पाहिला नाही. मेव्हण्याच्या टेम्पोतून नेऊ का, असं मी विचारलं तेव्हा सगळेच माझ्याकडे बघत राहिले. मेंढ्या चालत गेल्या. शेलू पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती; तिथे बाबांच्या मोठ्या मेंढ्यानं तिला तिची जागा दाखवली.

आता माळ पुन्हा कमरेएवढा आहे आणि दिवाळीपर्यंत मला काम नाही. श्रावणात बाबांच्या नातवानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला: माळरान, ढग, आणि दोनेकशे काळ्या पाठी. खाली लिहिलं होतं, 'ओळखा.' मी चष्मा लावून, दोन बोटांनी फोटो ताणून ताणून पाहिला. हिनं दुरूनच बोट ठेवलं. "ही शेलू."

"कशावरून?"

"ती एकटीच फोटो काढणाऱ्याकडे बघतेय. आणि विचारा त्यांना, लोकर कातरलेली दिसतेय. आपला निम्मा वाटा?"

मी फोन लावला. बाबांनी सगळ्यांची खुशाली सांगितली. नेरळ गाभण होती. मग घसा खाकरून म्हणाले, "साहेब, कातरणावळ लोकरीपरीस जास्त झाली. निम्मी तुमच्याकडं निघती."

मी फोनवर हात ठेवून हिला सांगितलं.

"देऊन टाका," ही म्हणाली. "आणि ती तुमच्या पिशवीतली लोकर पण विचारा त्यांना, काय घेतील न्यायला."